अर्धं उघडं दार

आमच्या अंधशाळेत दार एक तर सताड उघडं ठेवायचं, नाहीतर घट्ट लावायचं. अर्धं उघडं दार हा इथला सर्वांत मोठा गुन्हा. चोरीबिरी त्यानंतर. कारण चोरी कपाळात बसत नाही.

बुधवारी मी दोन्ही हातांत कस्टर्डच्या वाट्या घेऊन संगीतवर्गातून निघालो आणि दार टाचेनं ढकललं. ते मधेच राहिलं. दोन मिनिटांनी आमचे वसतिगृहप्रमुख पिनॉक सर त्याच्या कडेवर आपटले. तीन टाके पडले.

मुख्याध्यापिका मिसेस ॲकरॉइड यांनी आपल्या ऑफिसात, सरांसमोर, शिक्षा सांगितली: शनिवारचा शेफील्डचा सामना मी खेळायचा नाही. आमच्या खेळात घुंगरांचा चेंडू आवाजावरून, आडवं पडून अडवायचा असतो, आणि संघात यायला मी दोन वर्षं जमिनीवर लोळत होतो. गुन्हा मी कबूल केला. कस्टर्डचं मात्र कोणी विचारलंच नाही.

माझी वकील म्हणून आमची कप्तान टॅम्सिन आली होती. तिला नळीतून बघितल्यासारखं दिसतं. समोरचं थोडं, बाजूचं काही नाही. ती खुर्ची ओढून सरांच्या अगदी समोर बसली.

"सर, जखम डाव्या बाजूला आहे," ती म्हणाली.

"मग?"

"भर दुपारी डोळस माणूस दारावर आपटत नाही. आपटते ती मी. आणि अशीच, कडेवर."

मिसेस ॲकरॉइडचा कप बशीत टेकला.

"कधीपासून, सर?" टॅम्सिननं हळूच विचारलं.

"दोन वर्षं," पिनॉक सर म्हणाले. "सांगितलं असतं तर नोकरी गेली असती."

दोन वर्षं. लीड्स, ब्रिस्टल, समुद्रकिनाऱ्याची सहल, सगळीकडे मिनीबस सरांनीच चालवली होती. आत आम्ही अकराजण मोठमोठ्यानं गात होतो. एकदा एक ट्रक हॉर्न वाजवत अगदी घासून गेला, तेव्हा सर म्हणाले होते, लोकांना गाडी चालवायची अक्कल नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

टेबलावर किल्ल्यांचा जुडगा ठेवल्याचा आवाज आला. ह्या आवाजावरून आम्ही सरांना अर्ध्या मैलावरून ओळखायचो.

मिसेस ॲकरॉइडनी निकाल दिला. माझ्या गुन्ह्यामुळे बहुधा अकरा जीव वाचले, पण गुन्हा तो गुन्हाच. सबब पहिला अर्धा सामना मी बाकावर बसावं.

शनिवारी आम्ही आगगाडीनं निघालो. स्टेशनवर माझ्या शेजारी कोणीतरी येऊन थांबलं. किल्ल्या वाजल्या नाहीत म्हणून मला ओळख पटेना.

"मी पिनॉक," आवाज आला. खोलीत येणाऱ्यानं नाव सांगायचं, हा नियम त्यांनीच आम्हाला शिकवला होता. "बार्नबी, जरा कोपर देतोस धरायला?"

मी दिलं. मला शून्य दिसतं, ह्याची त्यांना आठवण करून द्यायची माझी हिंमत झाली नाही.