आईंचा केक कापायचा कोणी

सात हजारांचा केक आहे हे आधी कळलं असतं तर मी त्या दिवशी निडीला सासूबाईंकडे गेलेच नसते, असं मी आमच्या ह्यांना म्हणाले. हे म्हणाले, "गेली असतीस. बघायला तरी गेली असतीस."

खरंय. गेले असते.

माझं नाव शांती. ठेवणाऱ्याचा अंदाज साफ चुकला, असं सासरी सगळेच म्हणतात. रोह्याजवळ वरसेला आमचं घर. हे धाटावला कंपनीत शिफ्टला जातात आणि मी घरी केक करते. पायनॅपल, बटरस्कॉच, चॉकलेट. वरती नाव लिहून देते, चेरी फुकट. कंपनीतल्या अर्ध्या पोरांचे वाढदिवस माझ्या ओट्यावरून गेलेत. कोणी नाव ठेवलेलं नाही आणि कोणी फोटोही काढलेला नाही. खाल्ला, बोटं चाटली, संपलं.

फोटो निघतात ते सुरभीच्या केकचे. सुरभी माझी धाकटी जाऊ, जितेश भावजींची बायको. राहतात पेणला. तिचं माहेर हमरापूर, वडिलांचा गणपतीचा कारखाना. पोरगी बोलायला शिकायच्या आधी मातीत हात घालायला शिकलेली. चार वर्षांपूर्वी मीच तिला बिस्किटासारखा कडक न होणारा केक कसा भाजायचा ते शिकवलं, फोनवर, माझं दूध उतू जात असताना. आता ती त्यावर साखरेचा मळलेला लगदा चढवते आणि त्यातून नवरानवरी काढते, जेसीबी काढते, कुणाच्या साहेबाचं टक्कल काढते. पनवेलहून गाड्या येतात. दर विचारला की हळूच सांगते, आणि लोक हळूच देतात. मी दहा रुपये वाढवले तर माझं गिऱ्हाईक पिशवी खाली ठेवून वाद घालतं.

जळते का मी? जळते. उगाच खोटं कशाला बोलू?

पण बाकी कुणाचाही केक तिनं करावा, आईंचा नाही. आई म्हणजे आमच्या सासूबाई, सरूबाई. निडीला एकट्या राहतात, स्वतः वाल लावतात, स्वतः सोलतात. त्यांचा वाढदिवस एक जूनला. त्यांच्या वयाच्या सगळ्यांचाच वाढदिवस एक जूनला असतो, मास्तरांनी घातलेला. तरी गेली कित्येक वर्षं त्या दिवशी मी केक नेते आणि आई तो कापतात. आई कौतुक करणाऱ्यातल्या नाहीत. आवडलं तर बोलत नाहीत, बघतात. सुरभीकडे बघतात तशा. जितेश भावजींकडे बघतात तशा. माझ्याकडे बघतात ते मी पातेलं कुठं ठेवलं ते विचारायला. दर वर्षी मला वाटायचं, ह्या वर्षी एकदा बघतील. तेवढ्यासाठी मी आईंच्या केकला लोणी घरचं घालायचे, बाकी सगळ्यांना डेअरीचं.

ह्या वर्षी पंचाहत्तरी. जितेश भावजींनी ग्रुपवर टाकलं, "आईचा केक ह्या वेळी सुरभी करणार. सरप्राईज आहे." सगळ्यांनी अंगठे दाखवले. मीही दाखवला. मग गॅस पेटवला आणि माझा केक करायला घेतला. पांढरं क्रीम, घरचं लोणी, काही लिहिलं नाही. खोक्यात घालून गाडीच्या मागच्या सीटखाली ठेवला. ह्यांनी विचारलं, "हा कशाला?" मी म्हणाले, "उन्हाचे दिवस आहेत. पेणहून येईपर्यंत तिचा राहील का?"

त्यांना वाटेत वडखळला ट्रॅफिक लागावा अशी मी त्या दिवशी मनापासून इच्छा केली. वडखळला ट्रॅफिक नेहमी लागतो. त्या दिवशी नाही लागला.

जितेश भावजी आणि सुरभी, दोघांनी मिळून केक, पाटावर गणपती आणतात तसा, पायऱ्या चढून आणला. ओटीवर टेबल लावलं होतं. वरचं झाकण काढलं आणि सगळं घर पुढं सरकलं.

आई बसल्या होत्या. केकच्या आई, हातभर उंच. हिरवं लुगडं, मांडीवर सूप, सुपात साखरेचे वाल, एक वाल बोटांत धरलेला. वरून खालपर्यंत सगळा केकच, ठेवायला वेगळी बाहुली नाही की उचलून बाजूला ठेवावी. कपाळावरची शीर होती. कानाची फाटलेली पाळी होती. आणि डोळे. हमरापूरला गणपतीचे डोळे सर्वांत शेवटी काढतात, त्याला आखणी म्हणतात. आखणी करायला सुरभीचे वडील अजून तिलाच बोलावतात. तिनं आईंच्या डोळ्यांची तशी आखणी केली होती. डावी पापणी जराशी उतरलेली. वीस वर्षं मी त्या घरची सून आहे. आईंची डावी पापणी उतरलेली आहे हे मला त्या केकवर कळलं. माझ्या छातीत असं काही जळलं की पाणी प्यायला मी आत गेले.

बाहेर आले तर शेजारचे हैबतराव दारात चप्पल काढून हात जोडून उभे होते. पोरांचे फोटो काढून झाले. असा केक बाहेर सात हजारांना जातो, हे जितेश भावजींचं सगळ्यांना सांगून झालं. मेणबत्ती खाली पाटावर लावली, कारण आईंच्या डोक्यावर कोण लावणार? आईंच्या हातात सुरी दिली. टाळ्या सुरू झाल्या आणि आपोआप थांबल्या.

आईंनी सुरी टेबलावर ठेवली.

"नाय गो. ही बघतेय माझ्याकडं," त्या म्हणाल्या.

"आई, केक हाय तो," जितेश भावजी हसले.

"मला माहीत हाय केक हाय. मग तू काप."

भावजींनी सुरी घेतली, इकडून धरली, तिकडून धरली. "आईच्या मानेवर कशी ठेवू?" म्हणाले आणि ठेवून दिली. पायापासून सुरुवात करू, असं हे म्हणाले, तर आई म्हणाल्या, "पाय तर आधीच दुखतात माझं." पोरं हसली, पण पुढं कोणी झालं नाही.

हैबतरावांनी शेवटी सांगूनच टाकलं. "डोळं उघडल्यालं हायती. आखणी झाल्यावर सुरी लावायची नसते. इसर्जनच करायला पायजे."

सगळे सुरभीकडे बघायला लागले. तिचा चेहरा उतरला. इतके केक केले, पण जिवंत माणसाची अशी आखणी आजवर कधी केली नव्हती, म्हणाली. गिऱ्हाइकाच्या साहेबाला नुसते ठिपके काढायची. आईंचे काढताना हात थांबलाच नाही. पेण-हमरापूरची माणसं अशीच. कुठं थांबायचं ते हाताला शिकवलेलंच नसतं.

मला काय वाटलं सांगू? गार वाटलं. सकाळपासून पहिल्यांदा.

"सात हजार घालून दर्शनच घ्यायचं होतं तर देवळात फुकट होतं," मी म्हणाले. "केक खायला असतो. माझा आहे गाडीत. घेऊन येते."

कोणी नको म्हणालं नाही. मी जवळजवळ पळतच गेले आणि खोका घेऊन आले. पांढरा, गोल, साधा. टेबलावर त्या हिरव्या लुगड्याच्या शेजारी ठेवला आणि बाजूला झाले. आईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग दुसऱ्या आईकडे.

"ह्यो कापू, खाऊ. आणि हिचं काय करायचं? उन्हात इरघळत ठेवायचं मला? वाढदिवसाला?"

ते खरंच होतं. पंखा गरम वारा टाकत होता. सुपाच्या कडेला थेंब जमले होते. आपलं तोंड आपल्या डोळ्यांदेखत ओघळताना बघणं कुठल्या म्हातारीला चालेल?

सुरभी केकपाशी आली. "आमच्या कारखान्यात मूर्तीला तडा गेला ना, आई, तर बाबा आधी डोळ्यांवर पांढरा रंग देतात. डोळे मिटले की ती माती. मग कुणीही मोडावी."

"मग दे की पांढरा."

"मी नाय देऊ शकत. आखणी ज्यानं केली त्यानं मिटायची नसते. दुसऱ्याचा हात लागतो."

दुसऱ्याचा हात म्हणजे कोणाचा? पोरं मागं सरकली. भावजी मोबाईलमध्ये बघायला लागले. हे तर आढ्याकडे. आईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर आणून ठेवली.

"शांते, तू कर. तुला जमंल."

तुला जमंल. बाकी कोणाला जमणार नाही, मला जमेल. सकाळपासून माझ्या तोंडावर काय लिहिलंय ते त्यांनी वाचलं होतं, दुसरं काय. रागानं माझे कान तापले. पण मी नाही म्हणाले नाही, कारण मला ते करायचंच होतं. सकाळपासून करायचं होतं.

पांढरा रंग कुठून आणायचा? माझ्याच केकचं क्रीम मी अंगठ्यावर घेतलं. घरच्या लोण्याचं. खाली वाकले आणि उजवा डोळा एका फटक्यात बुजवला.

डाव्यापाशी अंगठा नेला आणि थांबले. इतक्या जवळून बघितलं तेव्हा कळलं की त्या डोळ्यातली बाहुली समोर नव्हती. जराशी बाजूला होती, जराशी वर. बसलेली आई सुपातल्या वालांकडे बघत नव्हती. शेजारी उभ्या असलेल्या कोणाकडे तरी बघत होती. आणि तशी बघत होती. जितेश भावजींकडे आई बघतात तशी. त्याहून जास्तच, आता सांगायला हरकत नाही.

"कोणाकडे बघतायत ह्या?" मी विचारलं.

"फोटोवरून केलं, ताई," सुरभी म्हणाली. "तुमच्याकडे मागितला, तुम्ही पाठवला नाहीत. मग ह्यांच्या जुन्या मोबाईलमधला घेतला."

तिनं फोटो पुढं धरला. निडीचंच स्वयंपाकघर. आई सूप घेऊन बसलेल्या, मान वर केलेली. फोटोच्या कडेला एक कोपर, एका कुकरवर वाकलेलं. कोपरावर भाजल्याचा डाग.

तो डाग अजून आहे माझ्या हातावर. मी त्या घरात केलेला पहिला केक, कुकरमध्ये खाली मीठ घालून. फुगतो की बसतो ह्या धास्तीनं माझे डोळे कुकरात. मागं कोण बसलंय, कोण बघतंय, मी कधी वळून पाहिलंच नाही.

"तुमच्याकडेच बघतायत," सुरभी म्हणाली. तिनं सहज सांगितलं, उपकार केल्यासारखं नाही. त्यामुळे तर मला तिचा जास्तच राग आला. वीस वर्षं जे मी मागत होते ते हिला एका जुन्या मोबाईलमध्ये दिसलं, आणि हिनं ते साखरेत उतरवलं, आणि आता ते ह्या ओटीवर माझ्यासमोर होतं.

"ताई, ओघळतंय," कोणीतरी म्हणालं. बाहुलीच्या खाली एक थेंब उतरायला लागला होता.

"झालं का गो?" आईंनी विचारलं.

मी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. डावा डोळा माझ्याच अंगठ्यानं बुजवला. आणि ह्या वेळी ताबडतोब मागं वळले.

आई सुरभीला जवळ घेऊन तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. तिच्याकडे बघत होत्या.

मग केक कापला गेला. आता ती नुसती माती होती, म्हणजे साखर. पोरांनी सूप आधी फस्त केलं. हैबतरावांनी दोनदा घेतला आणि मिशी पुसत म्हणाले, "चव काय, शांतीच्या केकची हाय तीच. सात हजार कशाचं लागतंत कळत नाय बा." सगळे माझ्याकडे बघून हसले. असं कोणीतरी बोलावं म्हणून मी चार वर्षं थांबले होते.

कशाचे सात हजार ते त्या घरात मला एकटीला ठाऊक होतं, आणि ते बघणं अजून माझ्या अंगठ्याला चिकटलेलं होतं.