मांडीखालचं बटण

मित्रांनो, कपाटावर धूळ खात बसलेला हा लोखंडी डबा म्हणजे मी, पोलिसांचा जुना वायरलेस संच. डबा म्हणा, राग नाही. पण एके काळी अख्ख्या शहराचे पोलीस माझ्या तोंडाने बोलत, हे मात्र विसरू नका.

गल्लीतला पोलीस हातातल्या संचाचं बटण दाबून बोलायचा. तो बारीक आवाज टेकडीवरचा मनोरा झेलायचा आणि मोठा करून सगळ्यांना ऐकवायचा. वाट मात्र एकच. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. झालं की ‘ओव्हर’ म्हणून बटण सोडायचं.

एका दुपारी बाजारात एक चिमुरडी हरवली. तिची आई आमच्या खोलीतल्या बाकावर, मुलीची सुटलेली एक चप्पल हातात धरून बसली होती. माझ्यासमोरच्या ऑपरेटरताईंनी मुलीचं वर्णन सगळ्यांना सांगितलं. उत्तराऐवजी जीपचे ड्रायव्हरमामा कुणाशी तरी बोलताना ऐकू आले. “मेहुणा म्हणतो, महिनाभर राहतो. म्हटलं राहा बाबा, पण माझी उशी सोड.”

मामा चक्क माईकवर बसले होते. बटण मांडीखाली, सगळ्यांची वाट बंद, आणि बटण दाबलेलं असल्याने त्यांना आमचं काही ऐकू जाईना.

“सापडली का हो?” आईने विचारलं.

“जरा ऐकू द्या,” म्हणत ताईंनी कान माझ्याजवळ आणला. मी जीव ओतून बारीकसारीक आवाजही पोचवला. मेहुण्याच्या कौतुकामागे करवतीची घरघर होती.

“हे तर लाकडाच्या वखारीपाशी बसलेत.” ताईंनी वखारीत फोन लावला. “दादा, बाहेर पोलीस जीप आहे ना? आतल्या मामांना म्हणावं, जरा उठा.”

घरघर तुटली. लगेच दुसरा आवाज आला, “पुलावरून बोलतोय. कधीचा ओरडतोय मी. एका पायात चप्पल असलेली पोरगी माझ्या खांद्यावर बसलीय. माझी टोपीही तिच्याकडेच आहे. ओव्हर.”

आईने चप्पल छातीशी घट्ट धरली. त्या दिवशी मला माझ्या लोखंडाचा फार अभिमान वाटला. मामांना मात्र पुढे सगळे विचारत, “उशी मिळाली का?”

आता नवे संच आलेत, आणि गुणी आहेत. मला अधूनमधून फडकं मारा, एवढंच. आणि मित्रांनो, घरात असो की वर्गात, आपलं बोलून झालं की बटण सोडत जा. पुलावर कुणीतरी ताटकळत असतं.

माझं झालं. ओव्हर.