त्रेचाळीस माणसं आणि गार ऑम्लेट

ऑम्लेट तव्यावरून ताटात आलं की त्याचं आयुष्य फार तर तीन मिनिटांचं. तेवढ्यात खाल्लं तर खाल्लं, नाहीतर ते खाली बसतं आणि कडेने पाणी सोडायला लागतं. सासऱ्यांची जेवणाआधीची प्रार्थना अकरा मिनिटांची होती. हा मेळ कसा बसवायचा, हे कोडं सून पाच वर्षं सोडवत होती.

माना खाली, हात जोडलेले, डोळे मिटलेले. सुनेचा एक डोळा मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे. नवऱ्याचे दोन्ही डोळे इमानदारीत बंद असत, पण तो प्रार्थना करतोय की पेंगतोय हे आमेनपर्यंत कळायला मार्ग नसे. आमेननंतरही फारसा नसे. तो मुळात दिवसाला वीस-पंचवीस शब्दांचा माणूस, आणि त्यातले निम्मे मीठ मागण्यात जायचे.

रविवारी पाळकसाहेब सगळ्या जगासाठी प्रार्थना करत, राज्यकर्ते, आजारी, प्रवासी सगळे धरून, तीही चार मिनिटांत आटपायची. घरात अकरा का लागायची, याला कारण सासऱ्यांची नोकरी. निवृत्त होण्याआधी एकतीस वर्षं ते विजेचे मीटर वाचत हिंडले होते. पाहुणा फार तर बैठकीच्या खोलीपर्यंत येतो. मीटरवाला थेट घराच्या पोटात शिरतो. जिन्याखाली, दाराआड, मोरीच्या वर. तिथे ते बॅटरीच्या उजेडात आकडा टिपून घेत असताना लोक त्यांना आपली दुखणी सांगायचे. हे ऐकून घ्यायचे, "प्रार्थना करतो हं," म्हणायचे आणि करायचे. खरी अडचण तीच होती. बाकीचे लोक नुसतं म्हणतात.

नावं त्यांच्या डोक्यात राहत नसत, मीटरची जागा बरोबर राहायची. त्यामुळे प्रार्थना अशी चाले: "प्रभू, जिन्याखालच्या मीटरचा न्हावी, त्याचा खोकला बरा कर. पाटीमागच्या मीटरची लॉन्ड्री, तिथल्या माणसाचा राग शांत कर. दाराआडच्या मीटरच्या पेटीवाल्या बाई, त्यांच्या गुडघ्यांना आराम दे." देवाला पत्ता कळला म्हणजे झालं, असं त्यांचं म्हणणं. यादी त्यांच्या जुन्या फेरीच्या क्रमाने जायची, पहिल्या गल्लीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत. आणि एकदा आत आलेला माणूस बाहेर पडायची सोय नव्हती.

सून सुट्या भागांच्या गोदामात साठा तपासायची. दर तीन महिन्यांनी फळीफळीवर फिरून कुठला माल हलला, कुठला धूळ खात पडलाय ते बघायचं, हे तिचं काम. असल्या कानांना पडून राहिलेला माल लगेच ऐकू येतो. गॅलरीतल्या मीटरच्या घरच्या मुलीला शाळेच्या शेवटच्या परीक्षेत यश मिळावं, अशी विनंती रोज वर जात होती. त्या मुलीने गेल्याच महिन्यात सुनेची अक्कलदाढ काढली होती. आता डॉक्टर होऊन दवाखाना थाटून बसलेल्या बाईला आणखी कुठे पास करायचं होतं?

दाढ दुखत असताना तोंड बंद ठेवावं लागलं, आणि करायला दुसरं काही नाही म्हणून सुनेने त्या दिवसांत यादी नीट मोजली. एकूण त्रेचाळीस माणसं. खोकला, गुडघे, राग, भाडेकरू, एकाची तर मांजर. मोजून झाल्यावर तिला कळलं की त्या त्रेचाळिसांत ती स्वतः नाही. तिने पुन्हा मोजलं. महिनाभर रोज मोजलं. नवरा होता, परगावची नणंद होती, नणंदेच्या सासूबाईंचं ऑपरेशनसुद्धा होतं. पाच वर्षं ह्या टेबलावर जी ऑम्लेटं वाढत होती, तिच्यासाठी एक अर्धं वाक्यही नव्हतं.

हे असं तोंडावर बोलता येत नाही. म्हणून तिने ऑम्लेटचं निमित्त पुढे केलं.

"बाबा, साठा तपासायला हवा," ती एका शुक्रवारी म्हणाली.

"कसला?"

"प्रार्थनेचा. ज्यांचं काम झालंय त्यांना एका ओळीत धन्यवाद देऊन टाकू. उरलेल्यांना नीट वेळ मिळेल. ऑम्लेटलाही."

"देवापुढे तपासणी घेतेस, सूनबाई?"

"देवापुढे कशाला? त्याला सगळं माहीतच आहे. माहीत नाही ते आपल्याला. ती परीक्षेवाली मुलगी माझी दाढ काढून मोकळी झाली."

सासरे विचारात पडले. मग म्हणाले, "बरं. पण विचारल्याशिवाय कुणाला काढायचं नाही. घरी बसून आकडा टाकणारे पुष्कळ होते आमच्यात. मी एकही आकडा मीटर बघितल्याशिवाय लिहिला नाही."

"म्हणजे त्रेचाळीस घरं?"

"पहिली गल्ली तर करू. तुझा हुरूप किती टिकतो ते बघू."

शनिवारी सकाळी दोघं निघाली. सासऱ्यांनी सवयीने बॅटरी घेतली, सुनेने गोदामातली पाठीला फळी असलेली वही घेतली.

न्हाव्याच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक साबणाच्या फेसात बुडालेलं होतं. "खोकला?" न्हावी म्हणाला. "तो जाऊन नऊ वर्षं झाली, काका."

"मग काढते तुम्हाला," म्हणत सुनेने पेन्सिल टेकवली.

"थांबा, थांबा! कुठून काढता?" वस्तरा हवेतच राहिला, आणि गिऱ्हाइकानेही श्वास रोखला. "रोज माझं नाव जातं?"

"नाव नाही. जिना जातो," सून म्हणाली.

"जिना तर जिना. नऊ वर्षं शिंक नाही मला, वहिनी. चाललंय ते चालू द्या ना. तुमचं काय जातं?"

"ऑम्लेट," सून म्हणाली, पण तोवर सासरे "बरं बरं" म्हणत पायरी उतरले होते.

दाताच्या डॉक्टरीणबाईंना आधी काही उमजेना. उमजल्यावर त्या हसत सुटल्या. "काका, अहो मी पास झाले! त्याला बारा वर्षं झाली!" मग दार लोटून घेऊन हळूच म्हणाल्या, "पण काढू नका हं मला. परीक्षेच्या जागी हात घाला. मोठी दाढ ओढताना कधीकधी हात थरथरतो माझा."

सुनेचा हात आपोआप गालावर गेला. "माझ्या वेळी?"

"तुमची छान निघाली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जरा जास्तच घाईने.

लॉन्ड्रीत मात्र पहिलं यश आलं. लॉन्ड्रीवाल्याला आपण यादीत आहोत हे माहीत होतं, कशासाठी आहोत हे माहीत नव्हतं. धंद्याच्या बरकतीसाठी असू, अशी त्याची समजूत.

"राग?" तो म्हणाला. "माझा? मला राग येतो? अकरा वर्षं तुम्ही देवाला सांगताय की मला राग येतो?" त्याने इस्त्री अशी आपटली की फळीवरचा शर्ट दचकला. "कुणी सांगितलं तुम्हाला? नाव सांगा त्याचं! काढा मला! आत्ताच्या आत्ता काढा!"

सुनेने समाधानाने रेघ मारली. दोघं गल्लीच्या वळणापर्यंत पोचतात न पोचतात तोच मागून पावलं वाजली. लॉन्ड्रीवाला धापा टाकत आला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "राहू द्या ते."

"काय झालं?"

"बायको म्हणतेय, राहू द्या."

दाराआडच्या मीटरच्या घरी पेटी शिकवणाऱ्या बाईंच्या जागी त्यांच्या धाकट्या बहिणीने दार उघडलं. पेटीवर कापड घातलेलं होतं आणि कापडावर औषधांच्या रिकाम्या बाटल्या. बाई जाऊन चार महिने झाले होते. सासऱ्यांना कुणी कळवलं नव्हतं. कळवणार कोण, मीटर वाचायला आता दुसराच माणूस येई. ते दाराआडच्या मीटरकडे बघत उभे राहिले, बॅटरी न लावता.

"चार महिने मी गुडघेच मागत बसलो," ते म्हणाले.

"ताईचे गुडघे शेवटी खरंच दुखत नव्हते हो," बहीण म्हणाली. "बाकी सगळं दुखायचं. गुडघ्यांबद्दल तक्रार नव्हती."

सुनेने वही मिटली. इथे रेघ मारायचं तिच्याकडून होईना. बहिणीनेच विचारलं, "ताईची जागा रिकामी झाली असेल, तर माझे घ्याल का गुडघे? घराण्यातच आहेत आमच्या."

परत येताना सुनेने बेरीज केली. न्हावी कायम. डॉक्टरीणबाई कायम, परीक्षा जाऊन हात आला. लॉन्ड्रीवाला गेला आणि आला. बाई गेल्या, बहीण आली. न्हाव्याकडच्या गिऱ्हाइकाने फेसासकट मागोमाग पायरीवर येऊन आपल्या मुलाचं लग्न जुळावं म्हणून सासऱ्यांच्या कानात सांगितलं होतं, ते वेगळंच. एका गल्लीच्या तपासणीत त्रेचाळिसांची चव्वेचाळीस झाली होती. गोदामात असा निकाल लागला असता, तर साहेबांनी तिलाच फळीवर ठेवलं असतं.

संध्याकाळी साडेसातला ती ऑम्लेट घेऊन टेबलाशी आली, ताटात वाढलं आणि बसली. सासऱ्यांनी हात जोडले. "प्रभू, जिन्याखालच्या..."

"बाबा," सून म्हणाली.

प्रार्थनेच्या मध्ये कुणी बोलल्याची ह्या घरात ही पहिलीच वेळ. नवऱ्याने एक डोळा उघडला.

"लॉन्ड्रीवाल्याचा रागसुद्धा आहे त्यात. मांजर आहे. न पाहिलेल्या माणसाच्या मुलाचं लग्न आजपासून आहे." तिला हे हसत सांगायचं होतं, पण आवाज नको तिथे घसरला. "मी कुठल्या मीटरवर येते?"

सासऱ्यांनी हात सोडले. ते उठून आपल्या खोलीत गेले, आणि सुनेला वाटलं, झालं, म्हाताऱ्याचा अपमान केला आपण. पण ते खांद्याची जुनी पिशवी घेऊन परत आले आणि तिच्यातून एक वही काढली. कोपरे गोल झालेले, मधे रबर. पानावर पान, गल्लीवार, ठिकाणवार नोंदी. गल्ल्यांच्या पानांवर एकही खोडलेली नाही. त्यांनी पहिलं पान उलगडून तिच्यापुढे सरकवलं.

वर लिहिलं होतं: आमचा मीटर, स्वयंपाकघराच्या दारावर. खाली एकच ओळ, सासूबाई गेल्या त्या वर्षीची. "घरात बोलणारं कुणीतरी दे." तिच्यावर पट्टी धरून मारलेली सरळ रेघ, आणि पुढे तारीख.

तारीख सुनेने ओळखली. लग्न ठरण्याआधी ती ह्या घरी पहिल्यांदा आली होती तो दिवस. दोन पुरुष समोर गप्प बसलेले, आणि घाबरून ती दोन तास बेअरिंगचे प्रकार सांगत सुटली होती.

"ही गेल्यावर आम्ही दोघं इथे सहा वर्षं जेवलो," सासरे म्हणाले. "हा असा, मी असा. घड्याळाचा आवाज यायचा. मग रोज हे मागायला लागलो. तू आलीस त्या संध्याकाळी खोडलं. सगळ्या वहीत एवढीच एक रेघ आहे बघ."

"म्हणून मी नाही?"

"मिळालेली गोष्ट पुन्हा कशी मागू? देवाला वाटायचं, ह्याला पोचलीच नाही." त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "एक चूक झाली मात्र. किती बोलणारं, ते लिहायचं राहिलं."

सून हसली आणि तिने पदराला डोळेही पुसले. मग ती पुन्हा साठा तपासनीस झाली. "न्हाव्यालाही मिळालं, बाबा. नऊ वर्षांपूर्वी. तो म्हणतो, राहू द्या. सगळी गल्ली म्हणते, राहू द्या. मलाच काय म्हणून बाहेर ठेवलंत? घाला परत."

"घालतो. काय मागू?"

झालं काय, की सुनेला काही सुचेना. पाच वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडे शब्द नव्हता. तिने ताटाकडे बघितलं. गरम ऑम्लेट मागावं, तर ते समोर बसत चाललं होतं.

"ही महिनाभर गप्प आहे," नवरा म्हणाला.

दोघांनी चमकून त्याच्याकडे बघितलं.

"दाढ बरी झाली तरी गप्प आहे. घड्याळाकडे बघते नुसती. मला घड्याळ ऐकू यायला लागलंय, बाबा." त्याचे कान लाल झाले. दिवसभराचा साठा त्याने एका दमात संपवला होता. "ते मागा. ही बोलावी म्हणून."

सासऱ्यांनी पेन्सिल घेतली, रेघेखाली ती ओळ लिहिली, तारीख घातली आणि हात जोडले. त्या दिवशी प्रार्थना स्वयंपाकघराच्या दारावरच्या मीटरपासून सुरू झाली आणि टाकीपर्यंत गेली. लॉन्ड्रीवाल्याशी ती थोडी रेंगाळली, दाराआडच्या मीटरशी बरीच. सुनेने घड्याळ पाहिलं नाही. तिचे दोन्ही डोळे मिटलेले होते.

"आमेन," तिघं म्हणाली.

ऑम्लेट चामड्यासारखं झालं होतं. सुनेने एक घास तोडला, चावला, आणि म्हणाली, "ती डॉक्टरीण खोटं बोलली बघा. माझ्या वेळीही तिचा हात थरथरला होता, मला तेव्हाच वाटलं होतं. आणि बाबा, उद्या दुसरी गल्ली करू, तो मांजरवाला मला बघायचाच आहे, किती वर्षांची मांजर ती, एवढी जगतात का मांजरं? आमच्या गोदामात एक होती, ती बेअरिंगच्या खोक्यात..."

मांजर खोक्यातून बाहेर पडून दुसऱ्या खोक्यात गेली, तिथून साहेबांच्या खुर्चीवर गेली, साहेब तिच्यावर बसले. नवऱ्याची दोन ऑम्लेटं झाली. त्याने मीठ हाताने घेतलं, मागितलंसुद्धा नाही.

सासऱ्यांनी छताकडे नजर टाकली.

"प्रभू," ते हळूच म्हणाले, "एवढी घाई नव्हती."