ज्या हाताला देव न्हाई

"गिळा. आधी ह्यो घास गिळा, मग पुढला."

चमचा हातात धरून धुरपताबाई म्हाताऱ्याच्या गळ्याकडं बघत राहिल्या. घाटी वर गेली, खाली आली. मगच त्यांनी घट्ट पेजेचा दुसरा चमचा तोंडाच्या शाबूत बाजूनं आत सारला. लकवा झालेल्या माणसाला असंच भरवावं लागतं. जरा घाई झाली की अन्न श्वासाच्या वाटेनं जातं.

"हरी," वैजनाथराव म्हणाले.

झटका आल्यापासून त्यांच्या तोंडात तेवढा एकच शब्द उरला होता. पाणी हवं, हरी. कूस बदला, हरी. परवा सुई टोचणाऱ्या नर्सला दिलेली शिवी, तीही हरीच.

"लई पुण्यवान माणूस," शेजारच्या खाटेवर नवऱ्याची सेवा करणाऱ्या सुमनबाई म्हणाल्या. "सगळं बोलणं गेलं, पर देवाचं नाव न्हाई गेलं."

"हाव," धुरपताबाई म्हणाल्या. "आमच्यासारख्यांची नावंच तेवढी गेली बघा."

एकोणीस वर्षांमागं धुरपताबाई मुरुडजवळच्या गावात शाळेची खिचडी शिजवायच्या. वैजनाथराव शाळा समितीचे अध्यक्ष. एक दिवस ते चुलीपाशी आले, देवाच्या तसबिरीकडं बोट करून म्हणाले, आधी नैवेद्य काढ.

"आमच्यात देव न्हाई, मालक. लेकरं भुकेजली हायती. त्यांना आधी वाढू द्या."

"ज्या हाताला देव न्हाई, त्या हाताला माया कुठली? असलं अन्न पोरांच्या पोटात नको."

भरलं पातेलं बैलांपुढं ओतलं गेलं. जात कुणी काढली नाही. देवाचं नाव पुढं केलं, तेवढं पुरलं. ताटली धरून रांगेत उभ्या असलेल्या पोरांत धुरपताबाईंची लुंबिनीही होती. दुसऱ्या दिवशी चुलीवर दुसरी बाई आली आणि धुरपताबाई लेकीला घेऊन लातूरला. तेव्हापासून त्या या दवाखान्यात मावशी.

सहा दिवसांपूर्वी स्ट्रेचरवर तेच तोंड दिसलं, तेव्हा त्यांनी त्या खाटेचं काम मागून घेतलं. पहिल्याच सकाळी वाकून म्हणाल्या, "वळखलं का? खिचडीवाली." म्हाताऱ्याचे डोळे मोठे झाले. ओळख पटली होती.

त्याला उपाशी ठेवणं सोपं होतं. पण तेवढ्यानं एकोणीस वर्षांची आग विझली नसती. त्यांना त्याच्या तोंडून कबुली हवी होती. म्हणून त्यांनी त्याला जिवापाड सांभाळलं. दर दोन तासांनी कूस बदलली, पाठीवर एक फोड उठू दिला नाही. काम करताना आईची जात्यावरची ओवी ओठांत घोळायची:

माझ्या हाताची गं माया, कुणी मागून आणली न्हाई
जात्यावानी झिजले मी, तवा पीठ पडलं बाई

आणि प्रत्येक घासाआधी कानाशी लागून विचारायच्या, "सांगा वैजनाथराव, ह्या हाताला माया हाय का न्हाई?"

"हरी."

"हरीचं कुठं विचारते? माझं सांगा."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागायची. त्या पदरानं ती टिपायच्या, अगदी अलगद. आणि पुन्हा विचारायच्या.

सातव्या दिवशी सुट्टी मिळाली. मुलगा सुदर्शन आणि सून ऋतुजा न्यायला आले. धुरपताबाई चादरी घेऊन दारात पोचल्या, तर सुदर्शननं गावच्या देवळातून आणलेलं तीर्थ गडूत ओतलेलं, बापाची मान मागं कलती केलेली, एक हात हनुवटीखाली.

"आ करा, दादा. देवाचं हाय."

पातळ पाणी, वर केलेली मान. एक घोट सरळ छातीत उतरला असता. धुरपताबाईंना ते कळलं आणि त्या गप्प उभ्या राहिल्या. ओतू दे. त्याच्याच पोरानं, त्याच्याच देवाच्या नावानं ओतू दे. आपला हातही लागणार नाही.

म्हातारा त्यांच्याकडं बघत होता.

चादरी खाली पडल्या. गडू भिंतीवर आदळला.

"बापाला मारतूस का रं?" त्या ओरडल्या. मग ऋतुजाचा हात ओढून तिची बोटं तिच्याच गळ्यावर ठेवली. "गीळ. लागली का घाटी वर जाताना? त्यांची अशी वर गेली की मगच पुढला घास. मान खाली. पाणी घट्ट करून. रोज. ध्यानात ऱ्हाईल?"

ऋतुजानं रडत मान हलवली. सुदर्शननं हात जोडले. "मावशी, तुमच्या रूपानं देवच धावून आला."

"देव न्हवता आला. मी आले."

सुदर्शन ओशाळला. चाकाची खुर्ची पुढं ढकलत म्हणाला, "चलतो मावशी. खाली गाडी उभी हाय."

म्हाताऱ्यानं चाक धरलं. धुरपताबाईंकडं बघत त्यानं ओठ उघडले. "ह..." त्यानं मान झटकली, तो शब्द गिळला. पुन्हा ओठ जुळवले. चेहरा लाल झाला. नुसती हवा बाहेर आली.

"दादा, घरी गेल्यावर बोला."

धुरपताबाई खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "त्यांचं बोलणं व्हायचंय."