मांडीवरचा पोळपाट

आमच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं, आणि दोघांत वर्षानुवर्षं एकच व्यवहार चालत आलाय: भांड्यांचा. शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. कमरजहांभाभींकडून ईदेला शीरखुर्मा आला की त्याच पातेल्यातून आमच्या चकल्या जायच्या, आणि चकल्यांच्या डब्यातून त्यांचे गुलगुले यायचे. आमच्या हिनं, म्हणजे दीपमालानं, हा हिशेब कधी लिहून ठेवला नाही आणि कधी चुकवलाही नाही. शनिवार पेठ सोडून कात्रजला येऊन इतका काळ लोटला तरी ती अजून पेठेत निघाली की "गावात जाऊन येते" म्हणते. भांड्यांच्या बाबतीत मात्र तिनं कात्रजला पेठेचीच शिस्त लावली.

ती शिस्त यंदा एप्रिलात मोडली. स्वारगेटला बसमधून उतरताना दीपमाला पडली, घोट्याचं हाड मोडलं, प्लास्टर चढलं. डॉक्टरांनी बजावलं, पाय उशीवर उंच ठेवायचा, खाली सोडायचा नाही. झालं, स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आलं. मला चहा येतो, पोहे येतात आणि कुकर लावता येतो. शिट्ट्या ती पलंगावरून मोजते. हे शेजारी कुणाला सांगावं लागलं नाही, वासावरून कळलं असावं. दुसऱ्याच दिवशी कमरजहांभाभींकडून डाळ आली. मग कढी-खिचडी, मग भाजी, मग खीर. येणं वाढत गेलं, जाणं थांबलं. आमच्या ओट्यावर त्यांची पातेली आणि डबे घासूनपुसून रांगेत उभे राहिले, पाहुण्यांसारखे.

"पोहे भरून देऊ का?" मी विचारलं.

"तुमचे पोहे?" दीपमाला म्हणाली. "त्यांनी आपलं काय वाईट केलंय?"

आता लॅपटॉपचं सांगतो. दीपमाला शाळेतून निवृत्त झाली तेव्हा घरात तिला शिकवायला मी एकटाच उरलो होतो, आणि माझ्याबद्दल तिला फारशी आशा नव्हती. मग जर्मनीतल्या एका मराठी मंडळानं तिथल्या मुलांना दर रविवारी संध्याकाळी ऑनलाइन मराठी शिकवायचं काम तिला दिलं. मोबदला म्हणाल तर तोंडभर आभार. पण शनिवारपासूनच तिचा आवाज पुन्हा वर्गावरच्या बाईंसारखा होतो, आणि मला बोलणी बसली तरी ती व्याकरणशुद्ध बसतात.

पाय मोडला म्हणून वर्ग बुडवणं तिला मंजूर नव्हतं. पलंगावर टेकून, लॅपटॉप मांडीवर घेऊन तिनं वर्ग सुरू ठेवला. तो तापला, मांडीला चटका बसला, म्हणून तिनं खाली दुलईची घडी घातली. मग तो जास्तच तापला, म्हणून घडीवर आणखी एक घडी. अर्ध्या तासात पडदा काळा. पुढच्या रविवारी दुलईची चौघडी, आणि पुन्हा पडदा काळा. तिकडे मुलं "बाई गेल्या, बाई गेल्या" असं ओरडत राहिली म्हणे. अशुभ, पण वाक्य बरोबर.

मंडळाचा निरोप आला, फार गोड भाषेत: ताई, तुम्हाला त्रास होतोय. या रविवारीही अडचण आली तर वर्ग दुसऱ्या बाईंकडे देऊ, तुम्ही निवांत आराम करा.

दीपमालानं तो निरोप मला वाचायला दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. प्लास्टर चढवताना जिनं हूं की चूं केलं नव्हतं, तिला "निवांत आराम" एवढे दोन शब्द लागले.

मी माझ्या परीनं खटपट केली. टेबलफॅन लावून पाहिला, तर तिचे कागद उडाले. ओला नॅपकिन खाली ठेवू गेलो, तर तिनं हातावर चापट मारली. "वीज आणि पाणी एकत्र! तुम्ही मला विधुर व्हायच्या घाईत दिसता."

"मग फरहतला विचारतो," मी म्हटलं. फरहत म्हणजे कमरजहांभाभींची सून. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, घरूनच काम करते.

"अजिबात नाही. त्यांची सगळी भांडी आपल्याकडे अडकलीत, आणि वर उपकार मागायला जायचं? आधी भांडी परत."

"कशानं भरून?"

"तेच तर," ती म्हणाली, आणि विषय तिथंच थिजला.

रविवार उजाडला. दुपारी बेल वाजली. दारात कमरजहांभाभी.

"भाऊ, माझी पातेली द्या हो. घरात दूध तापवायला भांडं राहिलं नाही. फरहत चहा कढईत करतेय."

"रिकामी कशी देऊ, भाभी?"

"मग मी रिकाम्या हातानं जाऊ का?" असं म्हणत त्या आत शिरल्या आणि थेट दीपमालाच्या पलंगाशी गेल्या. ती संध्याकाळची तयारी करत होती. लॅपटॉपमधला पंखा घरघरत होता. भाभींनी त्याला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"अगं बाई, हा तर तवा झालाय! आणि तू त्याला दुलईत घेऊन बसलीस?"

"चटका बसतो म्हणून."

"दुलईनं थंड होतो का कोणी? बिर्याणीला दम देतात तसा दम देतेयस त्याला. फरहत! ये गं जरा इकडे!"

फरहत आली. तिनं लॅपटॉप बंद करून उलटा केला. आमच्याकडे मिक्सरला, फ्रिजला, टीव्हीच्या रिमोटला कपडे आहेत. लॅपटॉपलाही दीपमालानं ब्लाउजच्या उरलेल्या कापडाचा, बुडाशी घट्ट बसणारा अंगरखा शिवला होता.

"काकू, हा खालून हवा घेतो आणि मागून गरम हवा सोडतो. तुम्ही याचं नाकच शिवलंय."

"नवा राहावा म्हणून गं."

"नवाच राहिलाय काकू. जगायचा तेवढा राहिला होता."

मग म्हणाली, खाली काहीतरी कडक, सपाट, मांडीवर मावेल असं हवं. भाभी आमच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि एप्रिलपासून भिंतीला टेकून बसलेला पोळपाट घेऊन आल्या.

"पोळपाटावर लॅपटॉप?" दीपमाला ताठ झाली. "अन्नाची वस्तू आहे ती."

"यावर तुझा नवरा पोळ्या लाटणार आहे का?"

मी पोळपाट फडक्यानं पुसून दिला.

फरहतनं अंगरखा काढला, जाळीतली धूळ ब्रशनं झाडली, लॅपटॉप पोळपाटावर मांडला, मागच्या कडेखाली पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं सरकवली, म्हणजे खालून वारा फिरेल. पडद्याचा उजेड कमी केला. मग उघडी ठेवलेली पानं बंद करू लागली. "काकू, हे शेअर बाजाराचं सगळं तुम्ही बघता?"

दीपमालानं माझ्याकडे पाहिलं. मी भांडी मोजायला आत गेलो.

संध्याकाळी वर्ग सुरू झाला. मी पलंगाच्या पायथ्याशी बसलो, दारात भाभी आणि फरहत. अर्धा तास होत आला तसं दीपमालाचं वाक्य अडखळलं. तिनं हळूच लॅपटॉपच्या पाठीला हात लावला.

"कोमट," ती आमच्याकडे बघून म्हणाली.

"बाई, कोमट म्हणजे?" तिकडून एक पोर.

मग कोमट शिकवून झालं, तवा शिकवून झाला, पोळपाट शिकवून झाला. "म्हणजे लॅपटॉपचं स्टँड का, बाई?" पोरानं विचारलं. "हो," दीपमाला म्हणाली, "पोळ्याही लाटता येतात त्यावर." वर्ग वेळेपेक्षा लांबला. शेवटी मंडळाच्या बाई पडद्यावर येऊन म्हणाल्या, पुढच्या रविवारी भेटूच, ताई.

दीपमालानं भाभींचा हात धरला. आभार मानायला गेली आणि जन्मभर व्याकरण शिकवलेल्या बाईंना वाक्यच पूर्ण करता येईना. भाभी म्हणाल्या, "राहू दे, राहू दे," आणि पदर सारखा करत निघून गेल्या. पातेली विसरल्या त्या विसरल्याच.

"पोहे करा," दीपमाला मला म्हणाली. "मी इथून सांगते."

शेंगदाणेसुद्धा तिनं पलंगावरून मोजून घेतले. पोहे बरे झाले. पातेली, डबे भरले. तिनं एक छोटा डबा तेवढा बाजूला ठेवायला लावला.

"हा का?"

"असू दे. सगळंच फिटलं तर पुन्हा यायला कारण नको का?"

मी पोहे पोहोचवून आलो. थोड्या वेळानं फरहत कापडात गुंडाळलेल्या गरम पोळ्या घेऊन दारात उभी. "अम्मी म्हणाल्या, पोळपाट काकूंकडेच राहू दे. प्लास्टर निघेपर्यंत पोळ्या आमच्याकडून."

कापड उबदार होतं. किती पोळ्या होत्या, ते मी मोजलं नाही.