लिफाफ्यातला पासवर्ड

तिने लिफाफ्यावरची लाख नखाने उडवली आणि आतल्या चिठ्ठीवरची सोळा अक्षरं एकेक करून टाइप केली. पडद्यावर उत्तर आलं, पासवर्ड चुकीचा आहे. दुसऱ्यांदा इस्पितळाच्या अधीक्षकांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि तिने टाइप केलं. पुन्हा तेच उत्तर.

इस्पितळाचा क्लाउड म्हणजे तळमजल्यावरची ही थंडगार खोली आणि तिच्यातली दोन लोखंडी कपाटं. त्यांत चाळीस सर्व्हर चालायचे आणि त्या चाळिसांवर एक देखरेख करणारा सर्व्हर होता. त्याला सगळे कारभारी म्हणत. स्वतः काडीचं काम करायचा नाही, पण कोणी उठायचं नि कोणी निजायचं हे त्याच्यावाचून ठरत नसे. आज सकाळी अपडेट घेताना तो मोडला, आणि तोही नेमका रक्तपेढीचा सर्व्हर बंद करून ठेवल्यावर. दोन वाजता हृदयाची शस्त्रक्रिया होती. रक्ताच्या जुळणीच्या नोंदी दिसल्याशिवाय भूलतज्ज्ञ रुग्णाला आत घ्यायला तयार नव्हते. बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

बाकी सगळं तिने बिनचूक केलं होतं. जुन्याच आवृत्तीचा नवा कोरा कारभारी उभा केला, त्याला जुन्याचा पत्ता दिला, कालच्या बॅकअपची फाइल त्याच्या पुढ्यात ठेवली. फाइल कुलूपबंद होती. किल्ली म्हणजे हा पासवर्ड, आणि तो मास्तरांनी निवृत्त होताना अधीक्षकांच्या कपाटात ठेवून दिला होता.

मास्तर म्हणजे तिच्या आधी ही खोली सांभाळणारे. सगळ्यांचं काम वही तपासावी तसं तपासायचे, म्हणून ते नाव पडलं. दर शुक्रवारी ते बॅकअपवरून एका भंगार मशीनवर कारभारी पुन्हा उभा करून बघत आणि मगच घरी जात. कार्यभार देताना एका कागदावर ‘बॅकअप तपासला’ असं छापलेलं होतं. त्यापुढे तिची सही हवी होती.

"आधी एकदा उभा करून बघ," ते म्हणाले होते.

"बॅकअप झाल्याची हिरवी खूण रोज येते की, मास्तर," असं म्हणत तिने सही ठोकली होती. त्यानंतरच्या सात महिन्यांत तिने एकही शुक्रवार पाळला नव्हता.

"म्हणजे म्हातारा जाता जाता पाचर मारून गेला," अधीक्षक म्हणाले. "अहवालात तसंच येऊ दे. त्यांचे निवृत्तीचे कागद अजून माझ्या टेबलावरच आहेत."

तिला क्षणभर हायसं वाटलं, आणि लगेच त्याची लाज वाटली. तिने मास्तरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"मास्तर, लिफाफ्यातला पासवर्ड लागत नाहीये. अधीक्षक साहेब इथेच आहेत."

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

"बॅकअपच्या मेल अजून माझ्याच पत्त्यावर येतात," मास्तर सावकाश म्हणाले. "सकाळी चहाबरोबर वाचतो. तीन महिन्यांपूर्वी, बारा तारखेला दुपारी एक मेल आली होती. पासवर्ड बदलला म्हणून."

तिला ती दुपार आठवली.

"कोणी बदलला?" अधीक्षकांनी विचारलं.

मास्तर म्हणाले, "मीच तिला बदलायला सांगितलं होतं, साहेब. नवा लिफाफ्यात ठेवून घ्यायचं माझ्याकडून राहिलं. घोळ माझाच आहे." आणि मग तिला म्हणाले, "तू तुझ्या खुर्चीत बस आणि समोर बघ."

त्यांनी तिला काहीही सांगितलेलं नव्हतं. त्या दुपारी मुलीच्या शाळेतून फोन आला होता, मुलीला ताप होता, आणि त्याच वेळी सिस्टिम नवा पासवर्ड मागत अडून बसली होती. उद्या लिफाफ्यात घालू म्हणून तिने समोर दिसेल तेच पासवर्ड म्हणून टाकलं. तिच्या या खोडीवरून मास्तरांनी तिला कितीदा झापलं होतं.

ती खुर्चीत बसली. समोर भिंतीवर आग विझवायचा लाल सिलिंडर होता. त्याच्या क्रमांकावर गेल्या महिन्यातल्या तपासणीचं नवं लेबल डकवलेलं होतं.

ती गुडघ्यांवर बसून लेबल खरवडू लागली. कागद चिवट होता, निघेना. अधीक्षक घड्याळाकडे बघत होते. नख मोडलं तेव्हा खालचे शेवटचे चार आकडे दिसले. तिने क्रमांक टाइप केला आणि हात मांडीवर घेतले.

पडद्यावरची पट्टी सरकू लागली. सव्वा वाजता कारभारी उठला, दीडला त्याने रक्तपेढी उठवली. अधीक्षक शस्त्रक्रियागृहाला कळवायला जिन्याकडे धावले.

चार वाजता त्यांचा कारकून छापील अहवाल घेऊन खाली आला. कारण या शब्दापुढे लिहिलं होतं: बदललेला पासवर्ड निवृत्त कर्मचाऱ्याने नोंदवून घेतला नाही. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केलेली होती.

"सही करा मॅडम, म्हणजे माझी सुटका," कारकून म्हणाला.

तिने अहवाल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग कारणाची ओळ खोडली आणि वर लिहिलं: पासवर्ड मी स्वतःहून बदलला. कोणालाही सांगितला नाही. बॅकअप एकदाही उभा करून पाहिला नाही. खाली सही केली.

"साहेब भडकतील."

"भडकू देत."

तो गेल्यावर तिने मास्तरांना पुन्हा फोन केला.

"मी खरं लिहून दिलंय," ती म्हणाली.



"बरं," मास्तर म्हणाले. "मग आता मेलच्या यादीतून माझा पत्ताही काढून टाक."

तिच्यासमोर ती यादी उघडीच होती. त्यांच्या पत्त्याखाली तिने आपला पत्ता लिहिला होता.

"नाही काढत, मास्तर," ती म्हणाली. "आणि शुक्रवारी कोणतं मशीन वापरायचात, तेवढं सांगा."