स्वयंपाकघरातला तिसरा खण

शिलाई मशिनं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या मोठ्या पेचकसाला मूठ नाही, नुसती चिंधी गुंडाळलेली आहे. गिऱ्हाईक हमखास विचारतं, आणि मिस्त्री हातातलं काम बाजूला ठेवून सगळी गोष्ट सांगतात. सांगताना स्वतःचं नाव घेत नाहीत. 'तो दीडशहाणा' म्हणतात.

दीडशहाण्याचा डोळा होता स्वयंपाकघरातल्या तिसऱ्या खणावर. त्याला घरी आपली हत्यारं ठेवायला जागा हवी होती, आणि बायकोने तो खण भलत्याच वस्तूंनी भरून ठेवला होता. लसूण चिरडायचा चिमटा, बरणीचं झाकण फिरवायचा पट्टा, अंड्याच्या चकत्या करायची तारांची चौकट, पत्र्याचे सीलबंद डबे कापायचं कटर. वर्षभर दर एक-दोन महिन्यांनी त्यात एखादी भर पडत होती.

"अंडं कापायला चौकट लागते?" मिस्त्री म्हणायचे. "माझी आई दोऱ्याने कापायची."

"हो, आणि तुम्ही आयतं बसून खायचात."

शेवटी मिस्त्रींनी पैज लावली. रविवारी लेक आणि सासूबाई जेवायला येणार होत्या. खणाला हात न लावता, घरात पडलेल्या वस्तूंवर ते एकटे सगळा स्वयंपाक करणार. जमलं तर खण त्यांचा आणि आतलं सगळं भंगारात. नाही जमलं तर पुन्हा त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

बायकोने खणाकडे एकदा पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाली. ती घाबरली, असं समजून मिस्त्री मनातल्या मनात खूश झाले.

रविवारी सकाळी ते दुकानातला एप्रन बांधून उभे राहिले. कांद्यात कंगवा रोवून त्याच्या दातांमधून सुरी चालवली, तर चकत्या अगदी सारख्या पडल्या. कंगवा मात्र त्यासाठी मुद्दाम नवा आणला होता, हे लेकीने लगेच हेरलं. लसूण बाटलीच्या बुडाने चिरडला. त्यातला निम्मा ओट्यावर राहिला आणि उरलेला जमिनीवरून शोधावा लागला. त्याच बाटलीने बिस्किटांचं पीठ लाटलं, तेव्हा काचेवरची ठसठशीत अक्षरं प्रत्येक बिस्किटावर उलटी उमटली.

"बाबा, ही बिस्किटं आरशात बघून खायची का?" लेकीने विचारलं.

मग सॅलडची पानं धुऊन, उशीच्या अभ्र्यात भरून, ते बाल्कनीत गेले. अभ्रा गरागरा फिरवला की पाणी निघून जातं, ही त्यांची युक्ती. पाणी गेलं खरं. चौथ्या फेरीला अभ्र्याची शिवण उसवली आणि पानंही गेली. खालच्या बाल्कनीत निवृत्त मास्तर पेपर वाचत बसले होते. त्यांनी डोक्यावरचं पान काढलं, वर पाहिलं आणि विचारलं, "शिवण कुणाची?"

शिवण मिस्त्रींचीच होती. घरातले सगळे अभ्रे त्यांनी स्वतः शिवलेले.

तरी माणूस मागे हटेना. साय घुसळायला त्यांनी ड्रिल मशिनमध्ये काटा बसवला आणि बटण दाबलं. पुढच्या क्षणी साय छतावर होती, दिव्यावर होती आणि सासूबाईंच्या चष्म्यावर होती. भांड्यात चमचाभर उरली.

केकने मात्र लाज राखली. दोन हातांत शिवणाचा दोरा ताणून मिस्त्रींनी केकचे असे दोन थर वेगळे केले, की चुरासुद्धा सांडला नाही. सासूबाई चष्मा पुसून म्हणाल्या, "जेवण वेळेवर पानात पडलं, खण उघडला नाही. जावईबापू जिंकले म्हणायचे."

मिस्त्रींची छाती फुगली. जेवणं होताच ते गोणी घेऊन खण रिकामा करायला बसले. बायको भांडी आवरत होती.

आता, मिस्त्रींची एक खासियत अशी, की मशिनच्या चाकावरची झीज बघून ते मालकाचा हात ओळखतात. कटर गोणीत टाकताना सवयीने त्यांनी ते उजेडात धरलं. मुठीचा रंग डाव्या अंगठ्याने गेलेला होता. चिमटा पाहिला, तोही डाव्या बाजूने घासलेला. पट्टा पाहिला, सालं काढायचं सोलाणं पाहिलं. खणातली एकूण एक वस्तू डाव्या हाताने वापरलेली होती.

त्यांची बायको उजव्या हाताची होती.

त्यांनी वळून पाहिलं. ती पातेलं डाव्या हाताने उचलत होती, उजवा नुसता टेकवून. किती दिवस ती असं उचलत होती, कोण जाणे. रोज समोर बसून जेवणाऱ्या माणसाला ते ठाऊक नव्हतं. मिस्त्रींना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

बायकोने पातेलं खाली ठेवलं. "वर्ष होईल. मूठ आवळली की अंगठ्यातून कळ येते. डॉक्टर म्हणाले, हाताला सोपी पडतील अशी अवजारं घ्या."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस? खण भंगारात जाऊ देणार होतीस?"

बायकोने वर छताकडे बोट केलं. सायीचा एक थेंब अजून दिव्यावरून लोंबत होता.

"सांगितलं असतं, तर मला खुर्चीत बसवून तुम्ही रोज स्वयंपाक केला असता."

लेक हसत सुटली, सासूबाई हसल्या. मिस्त्री मात्र गोणीकडे वळले.

त्यांनी गोणीतून एकेक वस्तू काढून खणात जागच्या जागी ठेवली. कटर तेवढं हातात राहिलं. त्याची मूठ बारीक होती, आवळावीच लागणार. मिस्त्री उठले, आपला लाडका पेचकस आणला, गरम पाण्यात बुडवून त्याची जाडजूड रबरी मूठ ओढून काढली आणि कटरवर चढवली.

"धरून बघ. उजव्या हातात."

बायकोने धरलं. बोटं हळूहळू मिटली.

"दुखतंय?"

"कमी दुखतंय," ती म्हणाली, आणि ओट्यावरचा एक सीलबंद डबा जवळ ओढला.

गोष्ट संपली, की मिस्त्री पेचकसाची चिंधी घट्ट करतात. त्या चिंधीने हाताला फोड येतात. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, पेचकसाला नवी मूठ मिळते की बाजारात!"

"मिळते," मिस्त्री म्हणतात. "पण मग तो दीडशहाणा पुन्हा बघायला विसरेल." आणि मशिन आपल्याकडे ओढून आधी चाकावरची झीज बघतात.